ट्रायलचा ठोकळा

ठोकळा टेम्पोतून उतरवताना पट्टा एकदा सरकला आणि जठार सर ओरडले, "अरे, हळू! पडला तर फरशी जाईल."

तीनशे दहा किलोचा काळा पोलादी ठोकळा होता. कोल्हापूरहून आला होता, गोकुळ शिरगावच्या मगदूम यांच्या कारखान्यातून. एका कडेला पंचनं सतरा नंबर मारला होता आणि आकड्यापुढे तिरपे दोन ठोके.

"परुळेकर, हार्डनेस घेऊन ठेव," सर म्हणाले. "चार ठिकाणी घे."

मी कडेच्या चार जागा घासून चकचकीत केल्या, कडकपणा मोजायचं हातातलं यंत्र टेकवलं आणि वहीत लिहिलं: बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस. खाली तारीख घातली.

"बराच कडक आहे, सर."

"कडक आहे म्हणूनच आपल्या दारात आलाय," सर म्हणाले. पण म्हणताना ते ठोकळ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मी तेव्हा चिंचवडला, कारखान्यांना मशीन विकणाऱ्या एका कंपनीत होते. गिऱ्हाईक आपला जॉब, म्हणजे कापायचा नग, पाठवायचं आणि तो आमच्या मशीनवर कापून दाखवायचा, हे माझं काम. त्याआधी दोन वर्षं मी डिप्लोमाचं सर्टिफिकेट घेऊन भोसरी, पिंपरी, चाकण फिरले होते. सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, शॉपवर, म्हणजे जिथे मशीनं चालतात तिथे, लेडीज टॉयलेट नाही. जठार सरांनी मुलाखतीत तेच सांगायला सुरुवात केली, मध्येच थांबले आणि म्हणाले, "टॉयलेट मी बांधून घेतो. तू एक तारखेपासून ये." आणि खरंच बांधून घेतलं. पुढे मला जे काही आलं ते त्यांनी शिकवलेलं होतं. मशीनचा आवाज कधी बिघडतो, टूलची टिप कधी उडणार, कापलेल्या किसाचा रंग काय सांगतो, सगळं.

मगदूमांना हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटर घ्यायचं होतं. म्हणजे टूल वरून न येता आडवं, बाजूनं येतं. जॉब टेबलावर उभा असतो, टेबल फिरतं आणि एकदा बांधलेला जॉब चारही बाजूंनी कापून निघतो. त्यांचे ठोकळे होते तेलविहिरींवरच्या पंपांचे. आत एकमेकांना छेदणारी खोल भोकं पाडायची आणि तीही इतक्या कडक पोलादात. त्यांच्या जुन्या बोअरिंग मशीनवर एका ठोकळ्याला सहा दिवस लागायचे. बाहेरच्या देशातली मोठी ऑर्डर आली होती, चार महिन्यांत पहिले तीस ठोकळे जायचे होते. ते वेळेत गेले नाहीत तर काम गुजरातेतल्या एका कारखान्याकडे जाणार होतं.

त्यांच्या यादीत दोनच मशीनं उरली होती. एक आमचं: दिसायला देखणं, चपळ, वेगवान. दुसरं एका वेगळ्या कंपनीचं: आमच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, गिअरवर चालणारं, मंद. दोघांनी ट्रायल द्यायची आणि मग मगदूम ठरवणार. दुसऱ्या कंपनीची ट्रायल आधीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी ठोकळा टेबलावर बांधला आणि जिथे पुढे मोठं भोक पडणारच होतं तिथे थोडं कापून बघितलं. दोन मिनिटांत मशीन थरथरायला लागलं. आवाज असा की स्टोअरमधली माणसं बाहेर आली. चौथ्या मिनिटाला टिप उडाली. मी कट कमी केला, पुन्हा लावला. या वेळी टिप टिकली, पण कापलेल्या जागी बोट फिरवलं तर पन्हाळी पत्र्यावर फिरवल्यासारखं लागत होतं. आणखी कमी केल्यावर मशीन शांत झालं. हिशेब केला, या वेगानं पूर्ण ठोकळ्याला दोन दिवस लागणार होते. दुसऱ्या कंपनीनं अकरा तासांत दाखवला होता.

जठार सर मशीनच्या अंगावर तळवा टेकवून उभे होते. थरथर त्यांच्या हाताला कळत होती.

"काढ खाली," ते म्हणाले.

पुढच्या सकाळी ठोकळा टेम्पोत चढला. "शॉट ब्लास्टिंगला जातोय, वर गंज आहे," असं सरांनी गेटवर लिहायला सांगितलं. तीन दिवसांनी परत आला तेव्हा तो काळा राहिला नव्हता, स्वच्छ राखाडी झाला होता. मी घासलेल्या चार जागासुद्धा बुजल्या होत्या. सवयीनं मी पुन्हा यंत्र लावलं. वीस. दुसऱ्या ठिकाणी एकोणीस. तिसऱ्या ठिकाणी वीस.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हार्डनेसचं यंत्र बिघडलंय बहुतेक."

"यंत्राला काही झालेलं नाही."

"मग आकडे..."

"स्ट्रेस रिलीव्ह करून आणलाय. पोलादातला ताण काढून घेतला, एवढंच."

"स्ट्रेस रिलीव्हनं बेचाळीसचे वीस होत नाहीत, सर."

त्यांनी चष्मा काढला. "हे तुला मीच शिकवलंय, नाही का?"

ठोकळा भट्टीत घालून, लाल करून, सावकाश थंड केला होता. पोलाद मऊ पडलं होतं.

"बस," सर म्हणाले. "हे बघ, मशीन वाईट नाही. कडक ठोकळाही कापतंच, जरा वेळ घेतं. एकदा त्यांच्या शॉपला बसलं की मी स्वतः पंधरा दिवस जाऊन राहीन, सगळं लावून देईन. पण इथे, त्यांच्या समोर ते किंचाळलं, तर ते चहासुद्धा न घेता जातील. कळतंय का तुला?"

"हो, सर."

"हार्डनेसचं यंत्र कॅलिब्रेशनला गेलंय असं सांगायचं."

मी यंत्र त्याच्या डब्यात घातलं, डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे काही लोकांनी मला फारच चांगली ठरवली. डबा मी ठेवला. माझ्या हातानं.

ट्रायल गुरुवारी होती. अकरा वाजता मगदूमांची गाडी आली. भूपाल मगदूम पंचावन्नचे असतील, बुटके, पांढरा शर्ट, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारे. त्यांच्याबरोबर एक उंच, वाळका म्हातारा माणूस होता. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, एका डोळ्याला काळी काच लावलेला चष्मा.

"हे आमचे दस्तगीर मिस्त्री," मगदूम म्हणाले. "एकतीस वर्षं झाली आमच्याकडं. माझ्या वडलांनी ठेवलेले. ह्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्या शॉपवर खिळापण येत न्हाई."

जठार सरांनी दोघांशी हात मिळवला. दस्तगीर चाचा सरळ ठोकळ्याकडे गेले, खाली वाकले आणि पंचच्या नंबरावरून बोट फिरवलं.

"माझाच हाय," ते समाधानानं म्हणाले. "ह्ये दोन ठोके माझं. दुसरं कोण मारत न्हाई."

मी मशीन सुरू केलं. ते देखणं चाललं. टूल लोण्यात शिरावं तसं शिरत होतं, टेबल सर्रकन वळायचं, कापलेला कीस खालच्या पन्हाळीत पडून वाहून जायचा. मगदूमांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं होतं. एक बाजू आणि एक खोल भोक पूर्ण झालं तेव्हा ते म्हणाले, "च्यायला. आमच्याकडं एवढ्याला दीड दिवस जातोय, मिस्त्री."

चाचांनी पन्हाळीतून कीस उचलला. लांब, गुंडाळी झालेला, सुताराच्या रंध्यातून निघावा तसा. बोटांत धरून वाकवला.

"टिपा किती बदललासा, मॅडम?" त्यांनी मला विचारलं.

"एकही नाही."

"एक बी न्हाई," त्यांनी स्वतःशीच म्हटलं. मग खिशातून रुमालात गुंडाळलेली एक लहान कानस काढली, ठोकळ्याच्या न कापलेल्या कोपऱ्यावर ठेवली आणि दोनदा पुढे ढकलली. कर्र कर्र असा भरीव आवाज आला. खाली बारीक पूड पडली. त्यांनी तिसऱ्यांदा घासून बघितलं.

"मालक, कानस धरतीया."

"म्हणजे?"

"आपल्या ठोकळ्यावर ती सरकती. अंगाचा जोर दिला तर जरा लागती, नायतर सरकती. हितं आपसूक धरतीया. ह्यो नरम हाय."

जठार सर मात्र अगदी सहज हसले. "चाचा, ठोकळा तुमचाच ना?"

"व्हय."

"ठोके तुमचे?"

"माझंच."

"मग?"

चाचा पुन्हा खाली वाकले. ते दोन ठोके त्यांनी चष्मा वर करून, डोळा अगदी जवळ नेऊन बघितले. ठोके त्यांचेच होते. त्यात शंकाच नव्हती.

"तुमच्याकडं मोजायचं मशीन असंल की," मगदूम म्हणाले.

"आहे ना. पण नेमकं कॅलिब्रेशनला गेलंय. सोमवारी येईल."

मगदूमांनी क्षणभर विचार केला आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, मार्चमध्ये डोळ्याचं ऑपरेशन केलंसा. आता हाताचं पण करून घ्या एकदा."

सगळे हसले. मगदूमांनी ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, रोजच्या थट्टेतलं होतं. चाचाही हसले. "असंल, मालक. वय झालं," असं म्हणून त्यांनी कानस रुमालात गुंडाळली आणि खिशात घालायला गेले, तर ती पहिल्यांदा खिशाच्या बाहेरून सरकली. दुसऱ्यांदा आत गेली.

"चला, बसून बोलू," जठार सर म्हणाले आणि मगदूमांना घेऊन मीटिंगच्या खोलीकडे गेले. चाचा म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी हात धुऊन येतो."

मी मशीन पुसायला थांबले. पाच मिनिटांनी मागच्या बाजूनं कानशीचा आवाज आला. जाऊन बघितलं तर चाचा कामाच्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी एक साधी लोखंडी पट्टी घेतली होती. तिच्यावर कानस घासली. मग जॉब आवळून धरणाऱ्या व्हाइसच्या कडक जबड्यावर घासली. मग टेबलावर पडलेल्या एका जुन्या ड्रिलच्या दांड्यावर. मग परत पट्टीवर.

मला बघून ते ओशाळले नाहीत. उलट बरं वाटल्यासारखं म्हणाले, "मॅडम, ही पट्टी नरम हाय न्हवं?"

"हो."

"आन् ह्यो जबडा कडक?"

"हो."

"मग कळतंय की मला." त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर चोळली. "कळतंय बी आन् न्हाई बी. ठोका माझा हाय, म्हंजी ठोकळा माझा. ठोकळा माझा म्हंजी कडक. मग हाताला नरम कसा लागला?"

मी हातातल्या फडक्यानं व्हाइस पुसायला लागले.

"डोळा गेला तवा मी म्हणलं, जाऊ द्या, हात हाय. गेली दोन वर्सं जॉब मी हातानंच बघतोय, मालकाला बी ठावं न्हाई." ते हे अगदी साधेपणानं, दुखणं डॉक्टरला सांगावं तसं सांगत होते. "आता मालकाला सांगणार हाय. नवं मशीन आलं की दुसरा माणूस बघा. हाताला खोटं कळायला लागलं की माणसानं शॉपवर हुबं राहू नये. मी कडक म्हणायचो, पोरं तसं मशीन लावायची, आन् एखाद्याचं बोट जायचं."

त्यांनी आमच्यावर आळ घेतला असता तर मी गप्प राहिले असते, असं मला आजही वाटतं. सरांनी शिकवलेलं उत्तर तयार होतं. पण आम्ही खोटं बोललो असू हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. ते सगळा दोष स्वतःच्या हाताला देत होते.

"चाचा," मी म्हणाले, "तुमचा हात बरोबर आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ठोकळा बदललासा?"

"नाही. तुमचाच आहे. भट्टीत घालून मऊ केलाय."

ते संतापतील असं मला वाटलं. त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसले.

"आला तवा किती व्हता?"

"बेचाळीस."

"आन् आता?"

"वीस."

त्यांनी मान हलवली. "मी बावीस म्हणलो असतो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

मग ते उठले. "मालकाला सांगाय पायजे. सही करत्याल. तुमचं नाव मी घेत न्हाई." दारापर्यंत गेले आणि थांबले. पाठमोरेच उभे होते. "पर इचारतील, कशावरनं म्हणतासा. हातावरनं म्हणलो तर परत हसतील."

चला म्हणून त्यांनी मला म्हटलं नाही. मी माझ्या टेबलाच्या खणातून वही काढली आणि त्यांच्या पुढे झाले.

मीटिंगच्या खोलीत बटाटेवडे आले होते. मगदूमांच्या समोर ऑर्डरचा कागद होता आणि ते डिलिव्हरीच्या तारखेबद्दल बोलत होते. मी वही उघडून टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवली.

"सर, ठोकळा आला त्या दिवशीचे आकडे."

जठार सरांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विनया," ते म्हणाले. एरवी ते मला आडनावानंच हाक मारायचे. "बाहेर थांब जरा."

"कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे, सर."

मगदूमांनी वही ओढून घेतली. चारही आकडे त्यांनी बोट ठेवून वाचले, तारीख वाचली. मग दारात उभ्या मिस्त्रींकडे बघितलं, मग जठार सरांकडे. शेवटी सरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मला त्यांचं एक आजही आठवतं, त्यांनी कुठलंही कारण सांगितलं नाही.

यंत्र आणलं, ठोकळ्याला लावलं. वीस, वीस, एकोणीस. मगदूमांनी स्वतः बघितलं.

"बाई," ते मला म्हणाले, "एक खरं सांगा. हे मशीन माझा ठोकळा कापतंय का न्हाई?"

"कापतं. पण थरथरतं. आतून लाटा येतात. सावकाश घेतलं तर दोन दिवस लागतात."

"मग मी कुठलं घिऊ?"

मी जठार सरांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या शॉपवर, त्यांनी दिलेला पगार घेणारी. "दुसरं घ्या," मी म्हणाले. "जड आहे, हळू चालतं, पण तुमच्या कामाला तेच पाहिजे. पाया मात्र खोल घ्या."

मीटिंगच्या खोलीत परत येऊन मगदूमांनी ऑर्डरचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग मिस्त्रींना म्हणाले, "बसा मिस्त्री. चहा घ्या." आणि स्वतःची खुर्ची सोडून त्यांना दिली. त्या घरात माफी अशीच मागत असावेत.

ते गेल्यावर सर ओरडले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं.

"तू बरोबर केलंस असं तुला वाटत असेल," ते म्हणाले. "असेलही. पण एक सांगतो. डबा कपाटात ठेव म्हटलं तेव्हा तू नाही म्हणाली असतीस, तर मी रागावलो असतो, दोन दिवस बोललो नसतो आणि मग तो ठोकळा परत पाठवून दिला असता. मला माहितेय मी कसा आहे. तू हो म्हणालीस, म्हणून मला वाटलं, चालतंय."

मी राजीनामा लिहिला, त्यांनी तो वाचून खाली सही केली.

त्यानंतर मशीन विकणाऱ्या कुठल्याच कंपनीनं मला दारात उभं केलं नाही. आमचा धंदा लहान आहे, बातमी पसरायला दोन दिवस पुरतात. तीन महिन्यांनी मी एसटीनं कोल्हापूरला गेले. मनात धरून चालले होते की तिथे तरी काम आहेच. गोकुळ शिरगावला रिक्षातून उतरले तेव्हा शेडमधून एक संथ, खालच्या पट्टीतला घरघराट येत होता. जड मशीन बसलं होतं. आत ठोकळा कापला जात होता आणि शेजारच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलत नव्हतं.

मगदूमांनी मला जेवायला घातलं. घरून डबा आला होता, त्यातली अर्धी भाकरी मला वाढली. जेवून झाल्यावर मी विषय काढला.

"नोकरी न्हाई देणार, बाई," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुम्ही माझं लई मोठं नुकसान वाचवलंसा. ते मी इसरणार न्हाई. पण आज तुमच्या साहेबाचं आतलं माझ्यापुढं आणलंसा. उद्या माझं आतलं दुसऱ्या कुणापुढं न्यालासा, तर? आमचंपण समदं सोन्याचं नसतं. मला झोप लागणार न्हाई."

मला इतका राग आला की मी चपला घालताना डावी-उजवी अदलाबदल केली. रस्त्यापर्यंत दस्तगीर चाचा सोबत आले.

"मी भांडलो मालकाशी," ते म्हणाले. "ऐकत न्हाई."

"त्यांचं काय चुकलं?" मी रागानंच म्हणाले.

"तसं काय चुकलं न्हाई," ते खरोखर विचार करून म्हणाले. "तेच तर अवघड हाय."

बस येईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. मशीन कसं आहे, मी विचारलं. "ब्येस. रेड्यागत हाय. पळत न्हाई, पर ढकलतंय." मग जरा थांबून म्हणाले, "मी अजून शॉपवरच हाय."

मी भोसरीत एका टूलरूममध्ये लागले. आधीच्यापेक्षा खालचं काम, पण काम होतं. चार वर्षं तिथे काढली. एकदा एका प्रदर्शनात जठार सर लांबून दिसले. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही दुसऱ्या रांगेत वळलो.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मगदूमांचा फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला.

"दुसरं मशीन घ्यायचं हाय, बाई. जास्त मोठं. मिस्त्री गेल्या महिन्यात रिटायर झाले. जाताना त्यांनी माझ्याकडनं कबूल करून घेतलंय की पुढचं मशीन घेताना त्या बाईला सोबत न्या."

"म्हणजे नोकरीला?"

"न्हाई न्हाई. नोकरी न्हाई," ते घाईनं म्हणाले. "एक दिवस यायचं. चाकणला ट्रायल हाय. तुमचा दिवस मोडंल त्याचं काय असंल ते सांगा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. का, ते त्या वेळी कळलं नाही. अशा ट्रायली बघायचं काम पुढे मी पंधरा वर्षं केलं, कधी कोइमतूरला, कधी राजकोटला. गिऱ्हाईकाच्या बाजूनं बसायचं, बघायचं, खरं काय ते सांगायचं आणि घरी यायचं. त्याची सुरुवात ही अशी झाली.

चाकणच्या त्या हॉलमध्ये सगळं चकाचक होतं. टाय लावलेला मॅनेजर पुढे आला, मगदूमांच्या गळ्यात हार घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम आपल्याच कंपनीच्या का?"

"न्हाई," मगदूम म्हणाले. "आल्या हुत्या एकदा नोकरी मागायला. मी दिली न्हाई."

मॅनेजरला ही थट्टा वाटली. तो मोठ्यानं हसला. मगदूम हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला.

"दिली असती," ते म्हणाले, "तर आज ह्या बाई माझ्या तोंडाकडं बघून बोलल्या असत्या." आणि मग मला म्हणाले, "जावा बाई, बघून या. मी हितं बसतो."